खुनाच्या बातम्या नकोत, खुनाच्या मालिका मात्र हव्यात: हे कसे?

दुधनाकाठ (सेलू)

घरातल्या एका वादातून निघालेला प्रश्न जाणकारांपुढे ठेवते आहे.

आमच्याकडे दिवेलागणीपासून जेवणे उरकेपर्यंत बातम्यांची वाहिनी चालू असते. सासरे शेती पाहतात. पाऊस, सोयाबीनचा भाव, पीकविमा, मावेजा यांपैकी काही ना काही त्यांना रोज ऐकायचे असते आणि त्याबद्दल घरात कोणाची तक्रार नाही. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यातल्या नद्या पात्र सोडून शिवारांत शिरल्या, तेव्हा तर टीव्ही बंद करण्याचा विचारही आम्हांला शिवला नसता. परंतु एरवी त्यांना हवी असलेली माहिती दोन-चार मिनिटांत संपते आणि उरलेला वेळ कुठल्या तरी खुनाचा, अपहरणाचा आणि एकमेकांवर ओरडणाऱ्या प्रवक्त्यांचा रतीब चालू राहतो. एकच चित्रफीत लाल वर्तुळ काढून पुन्हा पुन्हा दाखवली जाते, निवेदक ती दर वेळी पहिल्यांदाच पाहत असल्यासारखा किंचाळतो, आणि तासाभराने आपल्याला तेवढेच ठाऊक असते जेवढे पहिल्या मिनिटाला ठाऊक होते.

म्हणून अलीकडे मी जेवणानंतर बातम्या बंद करून गुप्तहेरांच्या जुन्या मालिका लावू लागले आहे. दूरदर्शनवरची ‘ब्योमकेश बक्षी’, ‘करमचंद’, आणि मुलीने शोधून दिलेली डेव्हिड सुशे यांची ‘प्वारो’. यांतही पहिल्या काही मिनिटांतच मुडदा पडतो, विषप्रयोग होतात, भावाभावांत इस्टेटीवरून गळे कापले जातात. तरीही भाग संपल्यावर मन हलके होते आणि झोप चांगली लागते. यावर धाकटे दीर म्हणाले, “वहिनी, टीव्हीवरचे खून नकोत म्हणून तुम्ही टीव्हीवर खूनच पाहता. मग बातम्यांनी काय घोडे मारले आहे?”

मला उत्तर सुचले नाही. दिरांचा चिमटा मी हसण्यावारी नेला असता, पण त्यामागून एक टोचणी लागून राहिली आहे. मी ज्या बातम्या बंद करते त्या कोणाच्या तरी घरात खरोखर घडलेल्या असतात. स्वतःच्या झोपेसाठी त्यांच्याकडे पाठ फिरवून कल्पनेतल्या प्रेतांकडे पाहत बसणे कितपत योग्य आहे? आणि मुळात खुनाच्या गोष्टीने मनाला स्वस्थता यावी, याचे कारण तरी काय असावे?

बीडचा वकील

ताई, मी सत्र न्यायालयात फौजदारी कामे चालवतो. दिवसभर खरे खून कागदावर वाचतो आणि रात्री जेवताना एसीपी प्रद्युम्न यांना बोटे फिरवत ‘कुछ तो गडबड है’ म्हणताना पाहतो. आमच्या घरीही आपल्या दिरांचाच प्रश्न विचारला जातो, त्यामुळे उत्तर तयार आहे. ते जरा लांब आहे, त्याला इलाज नाही.

प्रथम हे मान्य करू, की मालिकेतला तपास आणि खरा तपास यांचे नाते दूरचे आहे. ‘सीआयडी’ ही मालिका जानेवारी १९९८ मध्ये सुरू झाली, वीस वर्षे चालली, २०२४ च्या डिसेंबरात पुन्हा आली. तिच्या बहुतेक भागांच्या शेवटी गुन्हेगार पोलिसांपुढे उभा राहून सगळी हकिकत सांगतो आणि प्रकरण मिटते. आमच्याकडे अशा कबुलीने प्रकरण सुरूसुद्धा होत नाही, कारण पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही; जुन्या पुरावा कायद्याच्या कलम २५ मध्ये ही तरतूद होती आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्येही ती आहे. आरोपीने दाखवलेल्या जागेवरून कोयता निघाला, तर तेवढ्या शोधापुरतेच त्याचे निवेदन वापरता येते. मग त्या निवेदन पंचनाम्यावर, त्यावर सह्या करणाऱ्या पंचांवर, आणि ते पंच साक्षीच्या दिवशी फितूर होतात की ठाम राहतात यावर खटला वर्षानुवर्षे लोंबकळतो. मालिकेतले डॉक्टर साळुंखे नळीत दोन थेंब टाकतात, रंग बदलतो आणि नाव निघते. इकडे मुद्देमाल सीलबंद होऊन न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत जातो आणि अहवाल येईपर्यंत तपासी अंमलदाराची बदली झालेली असते.

हे सगळे ठाऊक असूनही मी मालिका पाहतो ती तिच्यातल्या क्रमासाठी. प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार नसतो तेव्हा सरकार पक्षाची सगळी भिस्त परिस्थितीजन्य पुराव्यावर असते. महाराष्ट्रातून गेलेल्या एका खून खटल्यात १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा पुराव्याच्या पाच कसोट्या सांगितल्या आणि त्यांना पंचशील म्हटले. देशभरच्या न्यायालयांत त्या आजही उद्धृत होतात. त्यांचे सार असे, की प्रत्येक परिस्थिती पूर्णपणे सिद्ध झाली पाहिजे, ती आरोपीच्या दोषाशीच जुळली पाहिजे, आणि साखळी इतकी अखंड असली पाहिजे की आरोपी निर्दोष असण्याचा एकही वाजवी तर्क मागे उरू नये. त्या खटल्यातला आरोपी याच कसोट्यांवर सुटला. आता प्वारोचा शेवटचा प्रसंग डोळ्यांपुढे आणा. सगळ्यांना एका खोलीत बसवून तो काय करतो? हा का नाही, ती का नाही, आणि हाच का, हे तो एकेक करून सांगतो. न्यायालयात हे काम तारखांच्या तुकड्यातुकड्यांनी होते. बातम्यांच्या वाहिनीवर ते होतच नाही, कारण संशयिताचे छायाचित्र पडद्यावर आले त्याच क्षणी तिथे निकाल लागलेला असतो, आणि पुढे तो माणूस निर्दोष सुटला तर खालून धावणाऱ्या पट्टीवरही त्याला जागा मिळत नाही.

तेव्हा दिरांना सांगावे, की एकीकडे कारण न देता बोट दाखवतात आणि दुसरीकडे बोट दाखवण्याआधी कारण द्यावे लागते. दिवसभर पहिल्या प्रकारचे ऐकून शिणलेल्या डोक्याला दुसऱ्या प्रकाराने बरे वाटले, तर त्यात नवल ते काय?

एक शिफारस केल्यावाचून राहवत नाही. पीटर फॉक यांची ‘कोलंबो’ अवश्य पाहावी. ती १९७१ पासून मालिकेच्या रूपात आली. खुनी कोण हे तिच्यात आरंभीच दाखवून टाकतात, त्यामुळे तो कोण याची उत्कंठा उरतच नाही, तो सापडतो कसा याची उरते. चुरगळलेल्या रेनकोटातला हा अधिकारी आवाज चढवत नाही, कोणावर हात उगारत नाही; निरोप घेऊन दारापर्यंत जातो, परत वळतो आणि आणखी एक प्रश्न विचारतो. उलटतपासणी शिकू पाहणाऱ्या आमच्याकडच्या नवोदितांना मी पुस्तकांच्या आधी ही मालिका सांगतो.

उदगीरचा भाचा

इतक्या खोलात जाण्याची गरज आहे का? १९८५ साली गाजर खाणारा करमचंद आला, तेव्हा बातम्या ठरावीक वेळी लागत आणि ठरावीक वेळी संपत. त्यांना कोणी कंटाळलेले नव्हते, तरीही आमची अर्धी गल्ली एका घरात गोळा होऊन करमचंद पाहत असे. पंकज कपूर आणि सुष्मिता मुखर्जी यांची जुगलबंदी मजेदार होती म्हणून तेव्हा पाहिली आणि आजही त्याचसाठी पाहतो. मजेचा पंचनामा करू नये असे माझे नम्र मत आहे. वकीलसाहेबांनी राग मानू नये.

गोदातीर (नांदेड)

उदगीरकरांचे म्हणणे मला पटते, परंतु त्यांच्या एका वाक्याला थोडी पुस्ती जोडतो. हा साहित्यप्रकार बातम्यांपासून अलिप्त राहून वाढलेला नाही. तो बहरला तोच वाईट बातम्यांच्या काळात. मी एका सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे, म्हणून हा इतिहास थोडाफार परिचयाचा आहे.

इंग्रजी रहस्यकथेचा भरभराटीचा काळ दोन महायुद्धांच्या मधला मानला जातो. आगाथा ख्रिस्ती पहिल्या महायुद्धात टॉर्की येथील रुग्णालयाच्या औषधालयात काम करत होत्या आणि विषांची माहिती त्यांना तिथेच मिळाली. १९२० साली त्यांची पहिली कादंबरी आली. तिच्यातला गुप्तहेर प्वारो हा बेल्जियममधून इंग्लंडला आलेला युद्धनिर्वासित आहे. म्हणजे ज्याच्यामुळे आपल्या सेलूच्या ताईंना बातम्या विसरता येतात, तो स्वतः त्या काळच्या सर्वांत मोठ्या बातमीतून उठून आलेला आहे. पुढे दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत असताना भुयारी आश्रयस्थानांच्या तोंडाशी लोकांच्या मागणीवरून छोटी वाचनालये उघडली गेली आणि तिथे रहस्यकथाच ठेवल्या जात, अशी नोंद हॉवर्ड हेक्राफ्ट या अमेरिकी अभ्यासकाने १९४१ मध्ये केली आहे. डोक्यावर विमाने घरघरत असताना माणसे तळघरात बसून खुनाच्या गोष्टी वाचत होती! आपल्या दिरांनी त्यांनाही तोच प्रश्न विचारला असता.

इंग्रजी कवी ऑडेन यांनी १९४८ च्या एका लेखात याचे स्पष्टीकरण देण्याचा प्रयत्न केला. स्वतःला या कथांचे तंबाखूसारखे व्यसन असल्याचे ते मोकळेपणाने सांगतात. त्यांच्या मते अशा कथेत एक छोटा, परस्परांना ओळखणारा समाज असतो. खुनामुळे त्यातला प्रत्येक जण संशयित होतो. आणि गुप्तहेर एकाचा दोष सिद्ध करतो तेव्हा बाकीच्या सर्वांवरचे किटाळ दूर होते. वाचकाला हवे असते ते हे किटाळ दूर होणे. मला यातली ‘छोटा समाज’ ही अट महत्त्वाची वाटते. वाडा, गाव, आगगाडीचा डबा यांना कुंपण असते आणि बातम्यांना ते नसते. त्यांत नांदेडच्या माणसाला एकाच संध्याकाळी दहा देशांतली आणि वीस जिल्ह्यांतली दुःखे झेलावी लागतात, ज्यांपैकी एकाचेही तो काही करू शकत नाही.

मराठीतही हेच दिसते. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. धनंजय आणि छोटू, झुंजार, काळा पहाड यांनी वाचनाची गोडी लावलेल्या पिढ्या आहेत. मोठमोठ्या समीक्षकांनी ज्यांच्याकडे ढुंकून पाहिले नाही, अशी ही पुस्तके आमच्याकडे हाताळली जाऊन जाऊन पार चिंध्या झाली. अलीकडचा दाखला द्यायचा तर २०२० च्या मार्चअखेर टाळेबंदी लागली, तेव्हा दूरदर्शनने ‘रामायण’ आणि ‘महाभारत’ यांच्या जोडीला ‘ब्योमकेश बक्षी’ही पुन्हा दाखवायला घेतली. त्या दिवसांत लोकांना काय पाहावेसे वाटेल, हे ठरवणाऱ्याने नीट ओळखले होते असे म्हणावे लागते.

औसेकर

दुधनाकाठ ताई, आपल्या टोचणीविषयी लिहितो. कारणमीमांसा वरच्या मंडळींनी केलीच आहे.

‘ब्योमकेश बक्षी’ दूरदर्शनवर प्रथम आली ती १९९३ साली. आमच्या भागात हे साल दुसऱ्याच कारणासाठी लक्षात आहे. ३० सप्टेंबरच्या पहाटे, गणपती विसर्जनानंतर गावे झोपेत असताना, किल्लारी आणि सास्तूरच्या परिसरात भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदांचे ओझे माणसांवर कोसळले. मी तेव्हा शिक्षक होतो आणि पुढच्या काळात गावोगावच्या याद्या करण्याच्या कामात इतर शिक्षकांबरोबर मीही होतो. मृतांचा सरकारी आकडा पुढे जवळपास आठ हजारांवर स्थिरावला.

बातमीत आपण स्वतः असतो तेव्हा बातमी कशी दिसते, हे आम्ही त्या वेळी पाहिले. मी बातमीला नावे ठेवणार नाही. तो आकडा देशभर आणि जगभर गेला म्हणूनच मदत आली, तंबू आले, पुढे नवी गावे वसली. पण आकडा सांगताना माणूस सांगता येत नाही आणि यादी करणाऱ्याला तर तो आठवूही नये असे वाटते, कारण पुढचे नाव लिहायचे असते. आपल्याकडे एरवी मयताच्या घरी दहाव्या-तेराव्यापर्यंत नातेवाईक बसून काय करतात? शेवटच्या दिवशी तो कोणाला काय म्हणाला, काय जेवला, शेतातून परतताना कोणाच्या ओट्यावर टेकला, हे पुन्हा पुन्हा जुळवत बसतात. त्या वर्षी अनेक घरांत हे जुळवायला कोणी उरलेच नव्हते.

रहस्यमालिकेत नेमके तेच चालते. एक माणूस मरतो आणि पुढचा सगळा वेळ त्याच्याविषयीच बोलले जाते. त्याच्या खोलीत रात्री दिवा का जळत होता, पत्र कोणाला लिहिले होते, चहाचा पेला अर्धाच का राहिला, याची चौकशी करायला एक शहाणा माणूस धोतर सावरत दारोदार फिरतो. बासू चटर्जी यांनी ही मालिका फार संयमाने केली. कॅमेरा प्रेतावर रेंगाळत नाही. तो रजित कपूर यांच्या ऐकणाऱ्या चेहऱ्यावर रेंगाळतो. के. के. रैना यांचा अजित आपल्यासारखाच गोंधळतो आणि आपल्या वतीने प्रश्न विचारतो. (सत्यवतीच्या भूमिकेत आपल्या सुकन्या कुलकर्णी आहेत, हे नव्या प्रेक्षकांना बहुधा ठाऊक नसते.) ज्याच्या मरणाची इतकी बारकाईने विचारपूस होते, तो कल्पनेतला असला तरी त्याचा मान राखला जातो, आणि पाहणाऱ्याला शांत वाटते ते त्यामुळे, असे माझे मत झाले आहे.

म्हणून अशी मालिका पाहण्याने मन निबर होते असे मला वाटत नाही. निबर व्हायचे असेल तर दिवसभर चालणारी पट्टी त्याला पुरेशी आहे.

मोसंबी (जालना)

औसेकर सरांचे लिहिणे वाचून थोडा वेळ काही लिहिवले नाही. तरीही या चर्चेत सगळे एकाच बाजूने बोलत आहेत, म्हणून मी विरुद्ध बाजू मांडते. मी काही वर्षे स्थानिक वृत्तपत्रात काम केले आहे.

गोदातीर यांनी २०२० च्या टाळेबंदीतल्या ब्योमकेशची आठवण दिली. ती मालिका पुन्हा सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी, ८ मे २०२० च्या पहाटे, जालन्याहून रुळांच्या कडेने पायी निघालेले मजूर करमाडजवळ थकून रुळांवरच झोपले आणि मालगाडीखाली त्यांतले १६ जण गेले. घरी परतण्यासाठी ते भुसावळच्या दिशेने निघाले होते. या घटनेत प्वारोने कोणाला खोलीत बोलवायचे? संशयित कोण? रहस्यकथेची सगळी शिस्त एका गृहीतावर उभी आहे, की मरणामागे एक हात असतो आणि तो हात शोधता येतो. मराठवाड्यातली बहुतेक मरणे तशी नाहीत. लागोपाठ पडलेला कोरडा दुष्काळ, चढत गेलेले कर्ज, वेळेवर न आलेला मावेजा, दूरचा दवाखाना. यांतला प्रत्येक जण थोडाथोडा दोषी असतो आणि पकडावा असा कोणीच नसतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, त्यामागचा गुन्हेगार कोणत्या भागाच्या शेवटी सापडला असता?

माझी तक्रार अशी, की एकच खलनायक शोधण्याची ही सवय आपल्याला लागली आणि वाहिन्यांनी ती बरोबर हेरली. वकीलसाहेबांना मालिकांतली कारणे भावतात, पण वाहिन्यांनी मालिकांकडून कारणे घेतली नाहीत; त्यांनी घेतले ते पार्श्वसंगीत, संशयिताचे काळवंडलेले छायाचित्र आणि ‘पाहत राहा’ म्हणून अर्ध्यावर तोडणे. जिथे खलनायक आहे ती घटना म्हणूनच दिवसभर चालते आणि जिथे तो नाही ती पिकांची, पाण्याची, दवाखान्यांची बातमी दोन मिनिटांत आटोपते. ताईंच्या सासऱ्यांना हवी असलेली माहिती दोन-चार मिनिटांत का संपते, याचे उत्तर हेच आहे.

आणखी एक भेद केला पाहिजे. कोड्यासारखी रचलेली ब्योमकेश किंवा कोलंबो वेगळी आणि ‘सत्यघटनेवर आधारित’ अशी पाटी लावून शेजाऱ्याने शेजारणीचा गळा कसा आवळला हे नाट्यरूपात दाखवणारे कार्यक्रम वेगळे. हे दुसरे कार्यक्रम पाहून बातम्यांपासून सुटका होत नाही. तीच बातमी संथपणे, जवळून, संगीतासह पुन्हा पाहिली जाते, आणि दुसऱ्या दिवशी आपण दूधवाल्याकडेही संशयाने पाहू लागतो. घरातल्या वृद्धांना आणि एकट्या राहणाऱ्यांना त्याने उगाच धास्ती बसते, हे मी नात्यात पाहिले आहे.

त्यामुळे माझे म्हणणे असे, की वाहिनी खुशाल बंद करावी, बातमी मात्र बंद करू नये. सकाळी एक वृत्तपत्र आतल्या पानांसकट वाचावे; जिल्ह्याचे पान आधी वाचावे. आकाशवाणीच्या छत्रपती संभाजीनगर केंद्राच्या प्रादेशिक बातम्या ऐकाव्यात. त्यांत कोणी ओरडत नाही आणि त्या काही मिनिटांत संपतात. एवढे केले, की रात्री कोणत्याही गुप्तहेराबरोबर बसायला कोणाची हरकत असण्याचे कारण नाही, दिरांचीही नाही.

बीडचा वकील

मोसंबी ताईंचा मुद्दा मला पूर्णपणे खोडता येत नाही. एक दुरुस्ती मात्र सुचवतो. एक हात शोधण्याची सवय सगळ्याच रहस्यकथांत नसते. चांगल्या कथेत खुनी सापडल्यावरही घरातल्या इतरांची लहानमोठी पापे उघडी पडलेली असतात. कोणी कर्ज लपवलेले असते, कोणी मृत्युपत्र फाडलेले असते, कोणी नोकराला छळलेले असते. खून त्यांनी केलेला नसतो, पण खुनाला जागा त्यांनी करून दिलेली असते. वाहिन्यांनी हे उचलले असते तर पाण्याच्या बातमीलाही वेळ मिळाला असता.

आपल्या नाट्यरूपांतरांविषयीच्या मताला मात्र माझा पूर्ण पाठिंबा आहे. चालू खटल्याशी मिळतीजुळती कथा टीव्हीवर आली, की साक्षीदाराने स्वतः काय पाहिले आणि पडद्यावर काय पाहिले यांची त्याच्याच डोक्यात सरमिसळ होण्याची भीती आम्हांला वाटते.

दुधनाकाठ (सेलू)

सर्वांचे मनापासून आभार. औसेकर सरांचे उत्तर मी सासऱ्यांना वाचून दाखवले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग त्यांनी त्या काळी किल्लारीकडे धान्य घेऊन गेलेल्या आमच्या गावच्या माणसांची नावे सांगितली. ही हकिकत आम्हांला कोणालाच ठाऊक नव्हती.

मोसंबी ताईंची सूचना मान्य आहे. सकाळचे वृत्तपत्र आमच्याकडे येतेच, ते आजवर मी उलट्या क्रमाने, म्हणजे पुरवणीपासून वाचत असे. सासऱ्यांसाठी बाजारभाव आणि हवामान दुपारीच ऐकून ठेवण्याचे मुलीने कबूल केले आहे, त्यामुळे संध्याकाळी वाहिनी लावण्याचे मुख्य कारण उरत नाही. वकीलसाहेबांचे ‘बोट आणि कारण’ दिरांना सांगितले. त्यांनी ते मान्य केले नाही, पण काल स्वतःहून विचारले, की आज कोणता भाग आहे.

आता एक व्यावहारिक अडचण आहे. सासरे आमच्याबरोबर बसू लागले आहेत आणि दहाव्या मिनिटाला ते खुन्याचे नाव जाहीर करतात. त्यांचा अंदाज बरोबर निघाला तर पुढचा भाग पाहण्यात कोणाला रस राहत नाही आणि चुकला तर ते मालिकेलाच दोष देतात. यावर काही उपाय आहे का?

उदगीरचा भाचा

त्यांना करमचंद दाखवा. खुनी कोण हे कळले तरी काही बिघडत नाही. त्याची सहायक किटी आहे तोवर पाहण्यासारखे पुष्कळ उरते.

बीडचा वकील

उपाय दोन आहेत. पहिला म्हणजे कोलंबो, कारण तिच्यात नाव आधीच सांगितलेले असल्याने त्यांना जाहीर करायला काही उरणार नाही. भाषा इंग्रजी आहे, तेव्हा मुलीने शेजारी बसून अधूनमधून सांगावे लागेल. दुसरा उपाय ब्योमकेशपुरता आहे. नाव सांगायला त्यांना खुशाल परवानगी द्यावी, परंतु सोबत कारणही मागावे, आणि ते कागदावर लिहून भाग संपेपर्यंत घडी घालून ठेवावे. कारणाशिवाय सांगितलेले नाव विचारात घेतले जाणार नाही, हे त्यांना आधीच कळवलेले बरे.